रस्त्याएवढी बारी

साप चावलेल्या माणसाच्या तोंडात आमच्या भागात आधी कडुलिंबाचा पाला कोंबायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. मग त्याला उचलून मारुतीच्या देवळात न्यायचं आणि बारी लावायची. दवाखाना, नर्स, इंजेक्शन हे सगळं त्याच्या नंतर, म्हणजे बहुतेक वेळा सरणाच्या जरा आधी. मी नर्स. माझी निम्मी नोकरी त्या पाल्याशी भांडण्यात गेली.

दिवाळी अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "संगीत आणि भक्ती यांनी माणूस कसा बरा होतो, यावर तुमचा अनुभव लिहा. जरा उमेद देणारं असू द्या." मी म्हटलं, अनुभव आहे, पण उमेदीचं मला विचारू नका. त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करून राहिली.

बारी म्हणजे काय, ते आधी सांगते. ते सापाचं गाणं. रोग्याला उगवतीकडं डोकं करून निजवायचं. एकानं म्हणायचं, चौघांनी मागं धरायचं, आणि पितळी ताट पालथं घालून त्यावर लाकडाच्या तुकड्यानं ठेका चालू ठेवायचा. आधी सगळ्या सापांना नावानं हाका. मग त्यातला चावलेला कोण ते ओळखायचं, त्याला गोंजारायचं, दम द्यायचा, तू दिलेलं तूच परत घे म्हणायचं. सगळ्यात शेवटी निरोपाचं कडवं म्हणून त्याला त्याच्या घरी धाडायचं. एकदा लावलेली बारी मधी तोडायची नाही, हा कायदा. कारण सापाला तुम्ही बोलावून घेतलंय. निरोप न देता उठलात तर तो रोग्याच्या अंगातच बसून राहणार.

मी कंधारची, बौद्ध घरातली. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. पहिली मोठी नेमणूक मिळाली ती उदगीरच्या पलीकडं, पार कर्नाटकच्या शिवेवर. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या, साहेब लोकांच्या गाड्या फिरायला लागल्या, बाकी सगळं अजून निम्मं जुन्या जिल्ह्यात आणि निम्मं रस्त्यात होतं. आणि वरून दुष्काळ. लोक म्हणायचे, "बाई, जिल्हा आला अन् पाणी गेलं."

बारी म्हणणारा होता शिवाप्पा. सगळे आप्पा म्हणायचे. लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, चौकात छोटं किराणा दुकान. अंगानं वाळक्या शेंगेसारखा, पण आवाज असा की वेशीपासून ऐकू यावा. मारुती गावाचा आणि बारी आप्पाची. त्याच्या बापाकडून त्याला मिळालेली. बारीचे त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. घेतलं तर विद्या जाते.

सुरुवातीला मी त्याला पाण्यात पाहायची. लोकांचे जीव घेतोय म्हातारा, असं माझं पक्कं मत. मग एक दिवस पाटलाचा भाचा आला. चांगला दांडगा गडी, कुस्त्या खेळणारा. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि धामण चावली. धामणीला विष नसतं, हे त्यालाही ठाऊक. पण डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, अंग गार. मी नाडी पाहिली, ती लागता लागेना. पोरगा खरंच चालला होता, नुसत्या भीतीनं! आप्पानं बारी लावली. निरोपाचं कडवं झालं आणि हा उठून बसला, म्हणाला, "मामी, भाकरी हाय का?" सगळं देऊळ हसलं. मीही हसले, देवळाच्या पाराखाली उभी राहून.

खाली का, तेही सांगते. मी वर चढले तर बारी बाटेल असं त्यांच्या मनात, आणि मला तुमच्या मारुतीशी काय करायचंय असं माझ्या मनात. दोन्हीकडनं मामला साफ होता.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवली नव्हती. साप चावला की माणसावर दोन संकटं येतात, विष आणि भीती. भीती काळीज पळवते, आणि काळीज पळालं की विषही पळत चढतं. विषावर आप्पाकडं इलाज नव्हता. भीतीवर माझ्याकडं नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. म्हटलं, "आप्पा, बारी देवळातच म्हणायची असते का?"

"कामून?"

"जीपमध्ये म्हणता येईल का? चालत्या?"

आप्पा गूळ फोडत होता. फोडलेला खडा तराजूत टाकला. मग म्हणाला, "जागेचं तसं काई न्हाई शिस्टर. रोग्याचं डोकं उगवतीला पायजे. अन् तुटाय नको."

झालं. दस्तगीरची प्रवासी जीप होती. तो उदगीरच्या फेऱ्या मारायचा. त्याला गाठलं. तो म्हणाला, "क्यूं नहीं बाई, सवाब का काम है." पुण्याचं काम म्हणे. पहिल्या फेरीला काय तमाशा झाला म्हणता! रस्ता वळला की आप्पा गाणं चालू ठेवूनच रोग्याला वळवायला लागला, डोकं उगवतीला राहावं म्हणून. मी ओरडतेय की पाय हलवू नका, विष चढंल, आणि आप्पा एका हातानं ताट वाजवत दुसऱ्या हातानं त्याची मुंडी फिरवतोय. दस्तगीर आरशात बघून खो खो हसत होता. शेवटी तह झाला. निघताना डोकं उगवतीला असलं म्हणजे पुरं.

दुसरी अडचण होती लांबीची. देवळातली बारी तासाभराची, रस्ता त्याहून मोठा. मग आप्पानं बारी ताणली. सापांची नावं वाढवली, त्यांच्या लेकीसुना घातल्या, वाटेत लागणाऱ्या गावांच्या देवांना साकडं घातलं. रस्ता जेवढा, तेवढी बारी. आणि निरोपाचं कडवं कधी? तर दवाखान्यात सुई दंडात गेली की. हे माझंच डोकं. मी म्हटलं, "आप्पा, सुई टोचल्याशिवाय निरोप देऊ नका. मग लोक सुईआधी रोगी खाली उतरवून घेणार नाहीत." आप्पाला ते पटलं, आणि नुसतं पटलं नाही, त्याच्या मनात मुरलं. पुढं पुढं तो स्वतःच लोकांना सांगायचा, "सुईनं भोक पडतं, त्या वाटनं साप जातो. वाट न पाडता निरोप दिऊन काय उपेग?"

माणसं वाचायला लागली. एक मेंढपाळ, एक बाळंतीण, शाळेचा एक मास्तर. रोगी डोळे मिटायला लागला की आप्पा ताट त्याच्या कानाशी नेऊन सापाला अशी शिवी हासडायचा की मरणारा माणूसही डोळे उघडून बघायचा. घामानं थबथबलेली माणसं त्या ठेक्यावर हळूहळू सावकाश श्वास घ्यायची. हे मी हातानं मोजलेलं आहे, पुस्तकात वाचलेलं नाही. तालुक्याच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी विचारलं, तुमच्या गावची माणसं वेळेवर कशी पोचतात? मी म्हटलं, गात गात. मला त्याचा गर्व होता. अजून आहे. म्हणून पुढचंही लिहायलाच पाहिजे.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावात ओल उरली ती फक्त रांजणाखाली. किडामुंगी, विंचू, साप, सगळं तिथं यायला लागलं. माधव नावाचा एक गवंडी होता. त्याची बायको गिरजा सकाळी रांजणातलं पाणी गाळायला वाकली आणि नाग मनगटाला डसला. माधव तिला उचलून थेट माझ्याकडं आला. पाला नाही, देऊळ नाही. "शिस्टर, जीप सांगा. आप्पाला सांगा." इतका विश्वास बसला होता लोकांचा.

गिरजा धीराची होती. वाटेत तीच माधवला सांगत होती, "मुक्ताला भाकर करून ठिवलीय, लाकडी पेटीवर. मांजर खाईल, झाकाय सांगा." मुक्ता म्हणजे तिची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. आप्पा गात होता. गिरजाच्या पापण्या जड व्हायला लागल्या तशा आम्ही मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचलो. कुठला ते विचारू नका.

लस नव्हती.

असायला पाहिजे होती. येणार होती. जुन्या जिल्ह्याकडून यायची बंद झाली होती आणि नव्याकडून यायची सुरू झाली नव्हती. कुणी म्हणालं, दुसऱ्या तालुक्याला माणूस पाठवलाय. त्याची वाट बघत बसलो. आप्पा खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणत राहिला. सुई नाही तर निरोप नाही. त्याची नावं संपली, त्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतली. आवाज फाटला. वॉर्डातले रोगी उठून बघायला लागले. एक वॉर्डबॉय आला, म्हणाला, "ओ बाबा, दवाखाना हाय का जत्रा? बंद करा!" आप्पा थांबेना. दोघांनी धरून त्याला उठवलं आणि ताट हिसकावून बाहेर व्हरांड्यात फेकलं. ते फरशीवर फिरत राहिलं, मग गप झालं. गिरजानं माधवकडं पाहिलं. बोलता येत नव्हतं तिला. थोड्या वेळानं तिचा श्वास थांबला.

ती लसीवाचून मेली. मी हे माधवला सांगितलं, त्याच्या भावाला सांगितलं, चावडीवर सांगितलं, ओरडून सांगितलं. कुणी ऐकेना. सगळ्या गावानं काय पाहिलं? बारी तुटली आणि बाई मेली. माधव मला एवढंच म्हणाला, "शिस्टर, देवळात ठिवली असती तर पुरी तरी झाली असती." ते त्याचं बोलणं अजून माझ्या कानात आहे. त्याची बायको गेली होती, आणि शहाणपण माझं होतं.

आप्पा तर नुसता दुकानात बसायचा, तराजूकडं बघत. एकदा मी मीठ आणायला गेले तर हळूच म्हणाला, "शिस्टर, म्या त्याला बलावला. अन् धाडला न्हाई. मंग त्यो गेला कुठं?"

"आप्पा, साप कुठं आत गेला नव्हता. लस नव्हती."

"हाव," तो म्हणाला. "सुई नव्हती. वाट नव्हती. मंग त्यो गेला कुठं?"

गिरजा गेल्यावर घरचं पाणी मुक्ताकडं आलं. गावची विहीर तळाला गेली होती. तळाच्या कपारीत एक झरा वाटीवाटीनं झिरपायचा. मोठी माणसं उतरली की दरडी ढासळायच्या, म्हणून पोरींना दोरानं खाली सोडायचे. त्या वाटीनं पाणी भरायच्या, वरून बायका घागर ओढून घ्यायच्या. आई असती तर मुक्ता कशाला विहिरीत उतरली असती? कपारीत ओल होती. एका दुपारी तिथं तिच्या बोटाला नाग डसला.

मला कळलं तोवर तिला देवळात नेलं होतं. मी धावत गेले, दस्तगीरला जीप चालू ठेवायला सांगून. माधव पायरीवर आडवा उभा. म्हणाला, "आधी बारी पुरी होऊ द्या. मंग कुठं न्यायचं तिथं न्या. ह्या बारीला तुटू देणार न्हाई मी. पाया पडतो शिस्टर, मधी पडू नका."

मी म्हटलं, "अरे माधवा, लस आलीय आता. मी परवाच बघून आलेय. चल!"

"त्यावेळी पन तुमी चल म्हनला होता."

आप्पाला घरातून धरून आणलं होतं. तो गात होता. हाका झाल्या, ओळख झाली, गोंजारणं झालं, दमदाटी झाली. निरोपाच्या तोंडाशी आला आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारायला लागला. लोकांना वाटलं, विष जबर आहे, म्हणून फिरून लावली. मला कळलं. सुईशिवाय निरोप द्यायचा नाही, हे त्याच्या मनात मीच भरवलं होतं. तो सुईची वाट बघत होता. आणि माधव निरोपाची वाट बघत होता. दोघंही पोरीला वाचवायलाच बसले होते हो! आणि मधी ती पोरगी, डोळे मोठे करून आप्पाच्या तोंडाकडं बघत.

मी पायऱ्या चढले. गावात आल्यापासून पहिल्यांदा. कुणी अडवलं नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आप्पाच्या कानाशी वाकून म्हटलं, "आप्पा, संपवा. निरोप म्हणा."

ठेका न थांबवता तो म्हणाला, "वाट न्हाई पडली. धाडू कुठं?"

"खोटा म्हणा. पण म्हणा. नाहीतर हे लोक हिला हलवू देणार नाहीत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग त्यानं डोळे मिटले, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि निरोपाचं कडवं म्हटलं. अगदी नीट, सगळ्या ओळी. लोकांनी जयजयकार केला. माधवनं पोरीला छातीशी घेतलं आणि जीपकडं पळाला.

"आप्पा, चला," मी म्हटलं.

"मी न्हाई येत. मी संगट आलो तर पोरीला कळंल, संपलं न्हाई म्हनून."

म्हातारा खरं बोलत होता. मी एकटीच जीपमध्ये चढले.

ती फेरी मुक्यानं चालली होती. मागं बसून मला त्या जीपचा खडखडाट पहिल्यांदा ऐकू आला. एरवी तो बारीखाली दबलेला असायचा. मुक्ता बापाच्या मांडीवर. आधी नुसती पडून होती, समाधानानं. मग पापण्या मिटायला लागल्या. ती बोटानं त्या वर उचलायला बघायची. जीभ जड झाली होती.

"शिस्टर, बारी संपली ना?"

"हो बाळा."

"मंग डोळे कामून उघडत न्हाईत माजे?"

माधवनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीबाही सांगितलं, झोप आली असंल, ऊन लागलं असंल. नर्स खोटं बोलायला शिकलेलीच असते, पण त्या दिवशी माझं खोटं दोन मिनिटंही टिकलं नाही. ती श्वास भराभर घ्यायला लागली. हातापायांना कापरं. तोंडातून लाळ यायला लागली म्हणून मी तिला कुशीवर वळवलं.

"आप्पा कुठं हाय? म्हना म्हनावं. म्हना ना."

माधव रडत म्हणाला, "शिस्टर, तुमाला येती का?"

येत होती. कोण जाणे किती फेऱ्या मी त्या रस्त्यावर ऐकली होती. माझा विश्वास नव्हता, आवाज तर नव्हताच. शाळेत प्रार्थनेच्या वेळीसुद्धा मी नुसते ओठ हलवायची. पण मी सुरू केलं. सापांची नावं घेतली. त्यांच्या लेकीसुना घेतल्या. कावळ्यासारखा माझा आवाज, ओळी मागंपुढं होत होत्या. पुढून दस्तगीरनं दारावर ठेका धरला. मुक्ताचे हात सैल झाले. कापरं थांबलं. मला वाटलं, भीती उतरली. मला वाटलं, आता ही टिकणार, आता रस्ता थोडाच राहिलाय, आता सुई आहे तिथं. मी जोरात म्हणायला लागले. नागाला मी ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या वडिलांनी ऐकल्या असत्या तर घराबाहेर काढलं असतं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभे होते, तरुण, नवीनच आलेले. लस काढून तयार ठेवली होती त्यांनी. देवळात बारी चालू होती तेवढ्यात कुणीतरी फटफटीवर पुढं येऊन सांगितलं असावं. त्यांनी पळत येऊन जीपमध्येच पोरीच्या नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. मग मान वर करून मला विचारलं, "श्वास कधी थांबला सिस्टर?"

माझा हात सगळ्या वाटेनं तिच्या छातीवर होता. श्वास बघणं, हेच माझं काम.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "मी गात होते."